शरदात भात, शिशिरात झाड: कोकणातील सोडण्याचे वेळापत्रक

ऑक्टोबर उजाडला की युरोप-अमेरिकेतील लाल-पिवळ्या जंगलांची छायाचित्रे आपल्या मोबाइलवर येऊ लागतात आणि त्यांच्यासोबत जुने सोडून नव्याने सुरुवात करण्याचा उपदेशही येतो. त्याच दिवसांत श्रीवर्धन, गुहागर किंवा मालवण येथे घराबाहेर पाहिले, तर आंबा, फणस आणि काजू गर्द हिरवे असतात, डोंगरउतारावरचे ऐन-किंजळ पानांनी भरलेले असतात, आणि पिवळे असे काही दिसलेच तर ते खाचरातील भात असते. आपला शरद ऋतू आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांचा. त्या काळात कोकणात पानगळ होत नाही, हे इथे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ती का होत नाही, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. त्याचे उत्तर शोधू लागल्यावर लक्षात येते की कोकणात सोडण्याचे काम दोन हप्त्यांत होते. शेत ते शरदात करते आणि रान शिशिरात. दोन्ही ठिकाणी पुढच्या हंगामाची तयारी जुने सुटण्याच्या आधीच झालेली असते, आणि उपदेशात नेमकी हीच बाब उलटी सांगितली जाते.

पाऊस जातो तेव्हा काय उरते

मोसमी पाऊस एका दिवसात थांबत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या वायव्य भारतावर कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असतो आणि समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे त्या दिशेने ओढले जातात. सप्टेंबरच्या 22-23 तारखेच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे सरकतो, उत्तरेकडची जमीन निवू लागते, कमी दाबाचा पट्टा विरत जातो आणि वरून खाली उतरणारी कोरडी हवा त्याची जागा घेते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मान्सूनची माघार पश्चिम राजस्थानातून साधारणपणे 17 सप्टेंबरला सुरू होते आणि मुंबईपर्यंत ती 8 ऑक्टोबरच्या सुमारास पोहोचते. या दिवसांत दुपारनंतर गडगडाटासह जो पाऊस कोसळतो, त्याला आपण परतीचा पाऊस म्हणतो, आणि भात कापणीला आलेल्या शेतकऱ्याला त्याची धास्ती आषाढातल्या मुसळधार पावसापेक्षाही अधिक असते.

पाऊस गेल्यावर ढगांचे छत्र निघून जाते, ऊन थेट ओल्या जमिनीवर पडते, वारा मंदावतो आणि घामाच्या धारा लागतात. ऑक्टोबरचा हा उकाडा माणसाला नकोसा वाटतो, पण झाडाच्या दृष्टीने पाहिले तर वर्षातला याहून चांगला काळ शोधून सापडणार नाही. रत्नागिरीत वर्षभरात तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या महिन्यांत पाणी मुबलक असते, पण आभाळ झाकोळलेले असल्याने पानाला ऊन पुरेसे मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन हवे तेवढे असते, पण जमिनीत ओल नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहिरी काठोकाठ असतात, ओहोळ वाहते असतात आणि ऊनही लख्ख असते. पानाचे काम ऊन आणि पाणी वापरून साखर तयार करण्याचे आहे. ज्या महिन्यांत हे काम सर्वात जोमाने होऊ शकते, त्याच महिन्यांत पाने टाकून देणे झाडाला परवडणारे नाही.

पान सुटते कसे

पान वाऱ्याने गळते असे वरवर दिसते, पण वारा फक्त शेवटचा धक्का देतो. हिरवे, निरोगी पान झाडावरून ओढून पाहिले तर ते सहज निघत नाही, सालीचा तुकडा सोबत घेऊनच येते. पिकले पान बोटाच्या स्पर्शाने सुटते आणि मागे गुळगुळीत, कोरडा वण राहतो. या दोन अवस्थांच्या मध्ये झाडाने बरेच काम केलेले असते.

गणपतीला गावी आलेले चाकरमानी मुंबईला परतण्यापूर्वी घर कसे बंद करतात, ते आठवून पाहावे. डब्यातले नाशवंत पदार्थ बाहेर काढले जातात, उपयोगी वस्तू सोबत घेतल्या जातात, विजेचे मुख्य बटण बंद होते आणि सर्वात शेवटी दाराला कुलूप लागते. झाडाचा क्रमही असाच असतो. पानातील हरितद्रव्य ज्या प्रथिनांना धरून असते, त्यांत झाडाचा बराच नत्र (नायट्रोजन) गुंतलेला असतो. पान म्हातारे होऊ लागले की ही प्रथिने मोडली जातात आणि त्यांतून मिळणारा नत्र, तसेच स्फुरद (फॉस्फरस), देठावाटे फांदीत व खोडात परत नेले जातात. जगभरातील झाडांचे मोजमाप पाहता सरासरीने यांचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक वाटा पान गळण्यापूर्वी वसूल झालेला असतो. कॅल्शियमसारखी काही द्रव्ये मात्र एकदा पानात पोहोचली की तिथून हलत नाहीत. ती पानाबरोबर जमिनीवर जातात.

हरितद्रव्य मोडले की आधीपासून पानात असलेली पिवळी-केशरी रंगद्रव्ये उघडी पडतात. थंड प्रदेशातील पिवळी पानगळ ही अशी होते. लाल रंगाची गोष्ट निराळी आहे, कारण तो रंग देणारे अँथोसायनिन हे द्रव्य मेपलसारखी झाडे पान संपत आलेले असताना मुद्दाम नव्याने तयार करतात. जे पान आठवड्याभरात पडणार आहे त्यावर झाड हा खर्च का करते, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. नत्राची वसुली चालू असताना प्रखर उन्हापासून पानाचे रक्षण व्हावे म्हणून, हे त्यांतले एक वजनदार मत आहे.

आता दाराच्या कुलपाविषयी. देठ जिथे फांदीला मिळतो, तिथे बारीक पेशींचा एक आडवा पट्टा पान कोवळे असल्यापासूनच आखलेला असतो. पान जोमात असते तोवर त्यातून ऑक्सिन नावाचे संप्रेरक सतत देठाकडे वाहत राहते, आणि त्या प्रवाहामुळे हा पट्टा निद्रिस्त असतो. पान थकले की ऑक्सिन कमी पडते आणि मग इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा अंमल त्या पट्ट्यावर सुरू होतो. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पेक्टिनचा थर विकरे (एन्झाइम) विरघळवू लागतात, पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि देठ केवळ काही नळ्यांच्या आधाराने लोंबत राहतो. त्याच वेळी फांदीच्या बाजूला सुबेरिन या बुचासारख्या, पाणी अडवणाऱ्या द्रव्याचा थर बसतो. म्हणजे जखम होण्यापूर्वीच तिच्यावर खपली धरलेली असते.

इथिलीनचा शोध लागण्याची कथा थोडी विषयांतर करूनही सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे होते, आणि जिथे नळ्यांतून गॅस गळे तिथली झाडे अवेळी पाने टाकत. त्या गॅसमधला नेमका कोणता घटक वनस्पतींवर परिणाम करतो हे सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव याने 1901 मध्ये वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवले, आणि तो घटक इथिलीन होता. हाच वायू पिकणारे फळ स्वतः सोडते. भाताच्या पेंढ्यात हापूसची आढी घातली की फळांनी सोडलेले इथिलीन त्या पेंढ्यात कोंडले जाते आणि सगळे आंबे सोबतीने पिकतात. पान सोडवणारा आणि आंबा पिकवणारा वायू एकच आहे.

या सगळ्यात एक बाब सहज नजरेतून सुटते. प्रत्येक पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि फांदी यांच्या बेचक्यात, एक कळी असते. ती पान हिरवे असतानाच तयार झालेली असते. पान गळल्यावर फांदी नव्याने काहीतरी सुरू करते, असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. सुरुवात आधीच होऊन ती थांबून राहिलेली असते, आणि पान नंतर जाते.

खाचरातला शरद

कोकणातील खरा शरद पाहायचा असेल तर तो भाताच्या खाचरात पाहावा. हळवे भात सप्टेंबरअखेरपासून तयार होते, निमगरवे त्यामागून आणि गरवे भात ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पुढे. लोंबी बाहेर पडून दाणा भरू लागला की वरून हिरव्या दिसणाऱ्या पातीत तीच वसुली सुरू होते, जी युरोपातील झाड आपल्या पानांत करते. फरक एवढाच की झाड तो नत्र खोडात साठवते आणि भात तो दाण्यात भरते. दाण्यातील प्रथिनांच्या नत्राचा मोठा भाग पातीतून उचललेला असतो. म्हणून खाचर खालून वर पिवळे होत जाते; आधी खालच्या जुन्या पाती, मग वरच्या, आणि लोंबीलगतचे शेवटचे पान सर्वात उशिरा. भात पिवळे पडणे म्हणजे रोपाचा सगळा संचय एका जागेहून दुसऱ्या जागी हलणे आहे. भात हे एका हंगामाचे रोप असल्यामुळे त्याची ही वसुली शेवटची असते आणि तिचा लाभ रोपाला न होता बीला होतो.

भाताची पाती झाडाच्या पानासारखी गळून पडत नाही, कारण गवताच्या कुळातील पात्यांना तसा सुटण्याचा पट्टाच सहसा नसतो. ती रोपावरच वाळतात. पण हा पट्टा भातात दुसऱ्या जागी असतो, प्रत्येक दाण्याच्या तळाशी. पाणथळ जागी आपोआप उगवणाऱ्या रानटी भाताचा दाणा पिकला की तो त्या पट्ट्यावरून सुटतो आणि चिखलात पडतो, आणि रानटी भाताच्या दृष्टीने तेच योग्य आहे. शेतकऱ्याला मात्र असा दाणा हाती लागत नाही. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी भात माणसाळवले, त्यांनी नकळत अशी रोपे निवडली ज्यांचा दाणा पिकल्यावरही लोंबीला धरून राहतो. हा बदल घडवणाऱ्या दोन जनुकांचा शोध 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आपण खातो ते भात, एका अर्थाने, सोडायचे विसरलेले भात आहे, आणि म्हणूनच ते सोडवण्यासाठी झोडणी करावी लागते. हा विसरही अपुराच आहे. कापणी लांबली आणि भात फार वाळले तर दाणे शेतातच झडतात, हे प्रत्येक शेतकरी जाणतो आणि लोंबी पूर्ण कोरडी होण्याची वाट न पाहता विळा लावतो.

कापणीच्या दिवसांत परतीचा पाऊस आला तर वेगळेच संकट उभे राहते. आडवे पडलेले किंवा कापून ठेवलेले भात पाण्यात राहिले की लोंबीतल्या दाण्यालाच कोंब फुटतात. बीला अवेळी उगवू न देण्याचे काम ॲबसिसिक ॲसिड हे संप्रेरक करते. 1960च्या दशकात कापसाची बोंडे का गळतात याचा शोध चालू असताना ते प्रथम हाती लागले. दाण्यात त्याचा प्रभाव पुरेसा असेल तर दाणा काही आठवडे झोपून राहतो. तो कमी असणाऱ्या जातींत ओल आणि ऊब मिळताच कोंब येतो. नवी सुरुवात चांगलीच असते असे मानणाऱ्यांनी असे कोंब आलेले भात एकदा पाहावे. तांदूळ म्हणून ते गेलेले असते आणि पेरणीचा हंगाम आठ महिने दूर असतो.

आश्विन पौर्णिमेला कोकणात नव्याची पौर्णिमा म्हणतात. काही घरांत दसऱ्याला आणि काही घरांत या दिवशी नवे बांधले जाते: भाताच्या लोंब्या, आंब्याचे पान, झेंडू, कुरडूचे तुरे असे एकत्र बांधून दाराला, देवघराला आणि धान्याच्या जागेला लावतात, आणि नव्या तांदळाचा पहिला घास देवाला दाखवतात. दिवाळीच्या सकाळी नव्या भाताच्या पोह्यांचे जे अनेक प्रकार होतात, त्यांची गोडी मी इथे वर्णन करत बसत नाही.

भात निघाले तरी खाचराचे वर्ष संपत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगडात वाल आणि अलिबागचा पांढरा कांदा, रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुळीथ, पावटे आणि चवळी अशी पिके घेतली जातात. वाल-कुळथाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणजे भाताने दाण्यात भरून नेलेल्याची काही अंशी भरपाई होते. पण या पिकांसाठी वेळ फार थोडा असतो. ओल जांभ्याच्या जमिनीत किती टिकेल यावर सगळे अवलंबून असते, म्हणून भाताच्या कापणीत गेलेला आठवडाही कुळथाला जाणवतो. सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची, तेरडा, गेंद, सीतेची आसवे ही पावसाळी फुलेही याच सुमारास बी टाकून वाळतात, आणि त्यांचे बी कातळाच्या फटींतील चिमूटभर मातीत पुढच्या जूनपर्यंत पडून राहते.

झाडांची पाळी

युरोपातील झाडाला ऋतू बदलल्याची पहिली वर्दी दिवस लहान होण्यातून मिळते. लंडनमध्ये सर्वात मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो आणि सर्वात लहान दिवस आठ तासांहूनही कमी. रत्नागिरीत हा फरक जेमतेम दोन तासांचा आहे, सुमारे तेरा तासांपासून अकरा तासांपर्यंत. शिवाय तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, पानाला पाणी मिळत नाही आणि हिमाने पान फाटते. पाने ठेवण्यात तोटाच असतो. आपल्याकडे तो तोटा होतो खरा, पण निराळ्या कारणाने आणि निराळ्या महिन्यांत.

जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो भरपूर पाणी मुरवून घेतो आणि पाऊस थांबल्यावर ते उताराने ओढ्या-खाड्यांकडे सोडूनही देतो. जून-जुलैत रस्ते वाहून नेणारा पाऊस पडणाऱ्या गावांत एप्रिलमध्ये टँकर फिरतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. झाडांच्या बाबतीतही तसेच घडते. डिसेंबरपर्यंत वरचा मातीचा थर कोरडा पडतो, जानेवारीपासून दुपारचे ऊन वाढू लागते आणि पानांतून उडून जाणारे पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा जास्त होऊ लागते. आधी झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, पण छिद्रे मिटली की हवा आत येत नाही आणि साखर बनणेही थांबते. अशी पाने मग केवळ खर्चाची बाब उरतात. माघ-फाल्गुनात साग, ऐन, शिवण, पळस, पांगारा आणि सावर आपापल्या वेळी, वर सांगितलेल्या क्रमानेच, पाने उतरवतात. उतारावरच्या सागाला खाडीकाठच्या सागाआधी पानगळ लागते, कारण त्याच्या मुळांखालचे पाणी आधी सरते.

यानंतर जे होते ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चुकीचे वाटेल. पाऊस अजून दोन-तीन महिने दूर असताना, उन्हाळा ऐन भरात येत असताना, यांतली कित्येक झाडे मार्च-एप्रिलमध्येच नवी पाने काढतात. पाणी नाही म्हणून पाने टाकलेल्या झाडाला पाण्यावाचून पालवी कशी फुटते? उत्तर असे की पाने गेल्यामुळे पाणी बाहेर जाण्याची मुख्य वाट बंद होते. खोल गेलेली मुळे जे थोडेफार पाणी ओढतात ते खोडातच साठत जाते, आणि काही आठवड्यांत खोड आणि फांद्या पुन्हा पाण्याने भरतात. मग बगलेत थांबलेल्या कळ्या फुगतात. त्यांनी केव्हा फुटावे याची वर्दी अनेक उष्ण कटिबंधीय झाडांना वाढत जाणाऱ्या दिवसातून मिळते असे दिसते. दोन तासांचा का होईना, पण तो फरक झाडाला कळतो. पाऊस येईल तेव्हा पाने पूर्ण वाढलेली आणि कामाला तयार असतात. सागासारखी काही झाडे अधिक सावध असतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत उघडीच राहतात. पळस, पांगारा आणि सावर तर पानांआधी फुले आणतात, आणि आड येणारी पाने नसल्याने ती फुले पक्ष्यांना दुरून दिसतात.

कोकणातली लाली या टप्प्यावर येते. कुसुंबाची कोवळी पालवी रक्तासारखी लाल असते, आंब्याची तांबूस, आणि त्या रंगामागे तेच अँथोसायनिन असते. मेपलचे पान जाताना लाल होते, कुसुंबाचे येताना. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते आणि चैत्राचे ऊन सोसण्याची ताकद त्याच्या अंगी आलेली नसते, तोवर हा रंग त्याला सावली धरतो असे मानले जाते. अपवाद म्हणून देशी बदाम पाहावा. किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक गावात तो असतो, आणि त्याची मोठाली पाने गळण्यापूर्वी चांगली लाल होतात. छायाचित्रातला शरद कोकणात कुठे सापडत असेल तर तो या एका झाडाखाली.

सदाहरित म्हणजे न सोडणारे नव्हे

आंबा, फणस, कोकम, नारळ, पोफळ यांना आपण सदाहरित म्हणतो, पण त्यांचे प्रत्येक पान कधीतरी गळतेच. सगळी एकदम गळत नाहीत एवढेच. नारळाचा हिशेब सर्वात सोपा आहे. चांगल्या माडाला वर्षाला बारा-पंधरा झावळ्या येतात, एकेक झावळ अडीच-तीन वर्षे डोक्यावर राहते आणि मग चुडत होऊन खाली येते. महिन्याला साधारण एक येते, एक जाते. कोणत्याही ऋतूत हा क्रम मोडत नाही.

आंब्याचे मात्र तसे नाही, आणि बागायतदाराच्या दृष्टीने शरदातला कळीचा प्रश्न इथेच आहे. आंब्याच्या फांदीच्या टोकाला असलेला डोळा पालवीही देऊ शकतो आणि मोहोरही. त्यातून काय निघणार हे काडीच्या वयावर आणि हवामानावर ठरते. काडी काही महिन्यांची, जून (म्हणजे पक्व) झालेली असेल आणि रात्री थंड पडू लागल्या असतील तर मोहोर येण्याची शक्यता वाढते. ऑक्टोबरमध्ये ओल भरपूर आणि हवा उबदार असते, म्हणून झाडाचा कल पालवीकडे असतो. अशी पालवी आली की ती काडी जून होण्यात आणखी काही महिने जातात, आणि मग मोहोर उशिरा येतो किंवा त्या वर्षी येतच नाही. हापूस एका वर्षी भरघोस आणि पुढच्या वर्षी रोडका येतो, त्याचे एक कारण हेच आहे: भरपूर फळे दिलेल्या झाडाचा साठा रिकामा झालेला असतो आणि त्याच्या काड्या वेळेत जून होत नाहीत.

पॅक्लोब्युट्राझॉल हे औषध, ज्याला बागायतदार कल्टार या व्यापारी नावाने ओळखतात, याच ठिकाणी काम करते. जुलै-ऑगस्टमध्ये ते झाडाच्या मुळांशी दिले जाते. झाडात जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती त्यामुळे मंदावते, ऑक्टोबरची पालवी आवरली जाते आणि मोहोर लवकर व नियमित येतो. 1972 मध्ये दापोलीला स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूससाठी ते वापरण्याची पद्धत ठरवून दिली आहे. माझ्या मते ज्या बागेला पुरेसे खत आणि निगा मिळते तिथेच ते शोभते. झाडाला पालवी नाकारायची, फळ मागायचे आणि बदल्यात काही घालायचे नाही, असे वर्षानुवर्षे चालले तर झाड खंगते, आणि अशा बागा आता ओळखू येऊ लागल्या आहेत.

पातेरा

गळलेल्या पानांच्या थराला कोकणात पातेरा म्हणतात. फाल्गुनात पडलेला पातेरा मेअखेरपर्यंत जवळजवळ तसाच राहतो, कारण पान कुजवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना ओल लागते. या कोरड्या महिन्यांत त्याला एकच मोठा धोका असतो, तो वणव्याचा. सड्यावरचे वाळलेले गवत पेटले की आग पातेऱ्यावरून पसरत आंबा-काजूच्या बागांत शिरते, आणि वर्षानुवर्षे जपलेली कलमे एका दुपारी जातात.

दुसरी आग शेतकरी स्वतः लावतो. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपे वाढवण्याच्या, जागेवर शेण, तोडलेले कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), पातेरा आणि गवत पसरून ते जाळण्याची राबाची पद्धत जुनी आहे, आणि तिच्यामागे कारणे आहेत: तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतो, रोप जोमाने येते. पण पानातला नत्र या जाळात हवेत निघून जातो. झाडाने निम्मा परत घेतल्यावर जो उरला होता तोही अशा रीतीने जमिनीला मिळत नाही, आणि त्याखेरीज कवळासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षी छाटल्या गेल्याने झाडे खुंटतात. तणाचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करता येत असेल, तर राब जाळण्याचे समर्थन आज अवघड आहे.

न जाळलेला पातेरा पहिल्या पावसात भिजतो आणि मग त्याचे कुजणे वेगाने होते. वाळवी, गांडुळे, बुरशी आणि जिवाणू त्यावर एकदम तुटून पडतात, आणि झाडाला परत घेता न आलेले कॅल्शियमही या वेळी जमिनीत उतरते. चैत्रात फुटलेली पाने पूर्ण वाढलेली असतात, नवी मुळे पसरत असतात, आणि अन्नद्रव्ये नेमकी त्याच आठवड्यांत मोकळी होतात. जांभ्याची माती आम्ल असते आणि तिच्यातील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, म्हणून इथल्या झाडांना जमिनीतून मिळणाऱ्या द्रव्यांपेक्षा या फिरत्या साठ्याचा आधार अधिक असतो. देवरहाटीत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, जिथे पातेरा उचलण्याचीही मनाई असते, तिथली माती शेजारच्या उघड्या उताराहून काळी आणि भुसभुशीत का लागते, त्याचे कारण हेच.

परसातल्या नारळ-पोफळीच्या किंवा आंब्याच्या आळ्यात हा पातेरा जानेवारीपासूनच चार-सहा बोटे जाडीने पसरून ठेवावा, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते आणि शिंपण्याचे पाणी वाचते. मात्र तो खोडाला टेकवू नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर वाळवी सालीवर चढते, आणि बागेच्या कडेचे गवत डिसेंबर सरण्यापूर्वी कापून जाळरेषा मोकळी केलेली असावी.